एक पैसा, एक फुंकर

पहिल्या दिवशी आम्हाला कुणी फुंकू दिलंच नाही. हातात जवळजवळ दीड मीटर लांबीची पोलादी नळी दिली आणि सांगितलं, फिरवत राहा. नळीच्या टोकाला काच नव्हती. भट्टी दहा पावलांवर घोंघावत होती, पण तिच्या दाराशी जायला बंदी. डावा हात पुढे, उजवा मागे, नळी आडवी, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती एकाच वेगानं गोल फिरवायची. थांबायचं नाही, गचका द्यायचा नाही, टोक झुकू द्यायचं नाही. पंधरा मिनिटांत मनगटं भरून आली. कुणी संगणकशास्त्र शिकणारं, कुणी विमानविद्या, मी धातूंच्या संरचनेवर काम करणारी. अशी आम्ही सगळी एका तळघरात उभी राहून रिकाम्या नळ्या फिरवत होतो.

हे तळघर एमआयटीचं. पुण्यातल्या नव्हे, अमेरिकेत बॉस्टनच्या शेजारी केंब्रिज नावाचं गाव आहे तिथल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं. तिथल्या मुख्य इमारतींना जोडणारा एक लांबच लांब बंदिस्त व्हरांडा आहे. ‘इन्फिनिट कॉरिडॉर’ म्हणतात त्याला; लांबी ८२५ फूट. दिवसभर त्यावरून विद्यार्थ्यांची वर्दळ चालू असते. खाली, चार नंबरच्या इमारतीच्या तळघरात, काचेची भट्टी आहे. मटेरियल्स सायन्स विभागाची ही ‘ग्लास लॅब’. नवशिक्यांच्या वर्गाला परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवीच्या गुणपत्रिकेत त्याचा उल्लेखही येत नाही. तरी जागांपेक्षा नावं कितीतरी जास्त येतात आणि मग चिठ्ठ्या टाकून मुलं निवडावी लागतात. माझं नाव तिसऱ्या खेपेला निघालं. पहिल्या दोन खेपांना ज्यांची नावं निघाली, त्यांचा मला किती हेवा वाटला होता ते अजून आठवतं.

हेवा वाटण्याचं कारण साधं होतं. मी काचेबद्दल बरंच वाचलं होतं. काच म्हणजे स्फटिक व्हायचं राहून गेलेला पदार्थ, तिच्यातले अणू द्रवासारखे अस्ताव्यस्त आणि तरी जागच्या जागी बसलेले, हे मी उत्तरपत्रिकेत दोनदा लिहिलं होतं. वाळू एकटी वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, त्यात सोडा घातला की तापमान बरंच खाली येतं, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते म्हणून चुना घालावा लागतो, हेही पाठ होतं. खिडकीची, बाटलीची काच घ्या. तिच्यात साधारण सत्तर-बहात्तर टक्के वाळूतली सिलिका, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. एवढं सगळं माहीत असून वितळलेली काच मी कधी पाहिलीच नव्हती.

ती पाहिली दुसऱ्या आठवड्यात. भट्टीचं छोटं दार सरकलं आणि आत पांढुरक्या केशरी उजेडाशिवाय काही दिसेना. कुठे भिंत संपते आणि कुठे काच सुरू होते ते कळत नाही, कारण आतलं सगळं अकराशे अंशांच्या आसपास एकाच रंगानं तळपत असतं. शिक्षक म्हणाले, काचेत तुझ्या नळीचं प्रतिबिंब शोध. नळी आणि प्रतिबिंब जिथे भेटतात तिथे काचेचा पृष्ठभाग. तसं केलं. टोक बुडवलं, दोन-तीन वेढे दिले आणि बाहेर काढलं. नळीच्या टोकावर लिंबाएवढा जिवंत निखारा लोंबत होता.

हा निखारा कसा वागतो ते मराठी वाचकाला सांगायला मला विज्ञानाची गरज नाही. दिवाळीचा पाक करताना जे पाहतो तेच. आधी पाणीदार, मग एकतारी, मग दोनतारी, मग गोळीबंद, आणि क्षणभर दुर्लक्ष झालं की कडक. काचेला ठरावीक एक वितळणबिंदू नाही. बर्फाचं जसं एका अंशावर पाणी होतं तसं तिचं होत नाही. ती तापत जाते तशी सैल होत जाते आणि निवत जाते तशी घट्ट. त्या मधल्या काळात जे करायचं ते करून घ्यायचं. पाकाचं भांडं उतरवायची वेळ माझी आई घड्याळाकडे न बघता ठरवते. काचेचंही तेच. रंग केशरीवरून मंद लालसर झाला, नळी फिरवताना हाताला ओझ्याचं हेलकावणं कमी लागायला लागलं, की समजायचं, आता परत आच दाखवायला हवी. त्यासाठी वेगळी भट्टी असते, गोल तोंडाची, तिला ‘ग्लोरी होल’ म्हणतात. वितळलेल्या काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवतात. ही दुसरी कामापुरती. वस्तू बनेपर्यंत तिच्याकडे पंधरा-वीस खेपा होतात.

फुंकायची पाळी तिसऱ्या आठवड्यात आली आणि माझी एक समजूत पार पुसली गेली. मला वाटत होतं, यासाठी छाती मजबूत हवी, शंख फुंकणाऱ्यासारखी. खरं तर जोर लावून फुंकणाऱ्याच्या हातून काहीच होत नाही. नळीच्या तोंडाला ओठ लावून गालांनी अगदी थोडी हवा आत ढकलायची आणि लगेच अंगठ्यानं भोक दाबून धरायचं. आता वाट बघायची. आत कोंडलेली हवा काचेच्या उष्णतेनं तापते, तापली की प्रसरण पावते, आणि त्या निखाऱ्याच्या पोटात आपोआप एक बुडबुडा उमलायला लागतो. तो पहिला बुडबुडा मी पाहिला तेव्हा माझ्या तोंडून मराठीतच शब्द निघाला, ‘अगं बाई!’ माझ्या जोडीदारणीनं, जीवशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं, त्याचा अर्थ विचारला. सांगता आला नाही. पण पुढे सगळा वर्गभर पहिल्या बुडबुड्याला ती तेच म्हणायची.

चुलीजवळची फुंकणी आणि ही नळी दिसायला बहिणी-बहिणी, पण काम उलटं. फुंकणीनं वारा विस्तवाला द्यायचा. इथे विस्तवासारख्या वस्तूच्या पोटात वारा कोंडून ठेवायचा आणि तिला त्याच्याभोवती निवू द्यायचं. माणसाला हे सुचलं ते फार उशिरा. काच बनवायला तो हजारो वर्षं आधीच शिकला होता. मणी, बांगड्या, साच्यातली भांडी करत होता. आपल्याकडे तेर, पैठण, नेवासे इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्या मिळाल्या आहेत. त्यांना फुंकर लागत नाही. फुंकून भांडं करण्याची युक्ती भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे, आजच्या सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सापडली. तोवर काचेचं भांडं ही श्रीमंतांची वस्तू होती. फुंकणी आल्यावर रोमन साम्राज्यातल्या साध्या घरांतही काचेचा पेला गेला.

आता जोडीदारणीबद्दल, कारण वर्गात मला मिळालेली सर्वांत मोठी शिकवण तिच्यामुळे मिळाली. एकट्यानं हे काम होत नाही. एक जण बाकावर बसतो. त्या बाकाला दोन आडवे लोखंडी हात असतात, त्यांवर नळी ठेवून डाव्या हाताच्या तळव्यानं ती पुढे-मागे लाटायची, पोळी लाटताना लाटणं फिरतं तशी, आणि उजव्या हातानं काचेला आकार द्यायचा. दुसरा जण त्या वेळी नळीच्या टोकाशी गुडघ्यावर बसून, सांगितलं की फुंकतो, ‘पुरे’ म्हटलं की थांबतो, दार उघडतो, आच अंगावर येऊ नये म्हणून फळी धरतो. हत्यारं थोडीच. मोठ्या चिमट्यासारखे दोन पाती असलेले ‘जॅक्स’, कात्री, चेरीच्या लाकडाची पळीसारखी कोरलेली ठोकळी. ठोकळी कायम पाण्यात भिजत ठेवलेली, म्हणजे काच टेकली की वाफेचा पातळ पडदा मध्ये तयार होतो आणि लाकूड जळत नाही. आणि या सगळ्यांहून मला आवडलेलं हत्यार म्हणजे ओलं वर्तमानपत्र. दहा-बारा पानांची घडी घालून, पाण्यात बुडवून, तळहातावर घ्यायची आणि त्या घडीनं थेट त्या तळपत्या गोळ्याला गोंजारायचं. तुमचा हात आणि नऊशे अंशांची काच यांच्यामध्ये फक्त ओला कागद. काचेचा गोलवा हाताला समजतो. जळक्या कागदाचा वास नाकात भरतो. तो वास मला आजही कुठे आला तरी ते तळघर समोर उभं राहतं.

भांड्याचा तळ तयार झाला, पण तोंड अजून नळीला चिकटलेलं. मग तळाला दुसरी भरीव सळई, तिला ‘पंटी’ म्हणतात, थोड्या गरम काचेनं चिकटवायची. नळीजवळच्या मानेवर जॅक्सनं आधीच एक बारीक खाच केलेली असते. तिथे पाण्याचा एक थेंब आणि नळीवर एक हलकी टिचकी. ‘टक्’ असा आवाज होतो आणि भांडं नळीवरून सुटून पंटीवर जातं. आता तोंड तापवून उघडायचं. ही अदलाबदल चुकली की सगळं जमिनीवर. माझे पहिले चार पेले जमिनीवर गेले. एक तर पूर्ण झाल्यावर, शेवटच्या टिचकीला गेला. खाली सिमेंटवर पडून तो फुटला नाही लगेच, नुसता पडून राहिला, आणि आम्ही पाहत असताना तडतडत त्याचे तुकडे झाले.

का तडकला, ते पुस्तकात होतं. काच उष्णता हळू सोडते. बाहेरचा थर आधी निवून घट्ट होतो, आतला अजून सैल असतो. मग आतला निवताना आकसायला बघतो आणि बाहेरचा त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेच्या अंगात कायमची कोंडली जाते. म्हणून तयार वस्तू लगेच एका पेटीसारख्या भट्टीत ठेवायची, पाचशे अंशांच्या आसपास, आणि तिथून रात्रभर हळूहळू खाली आणायची. या पायरीला ‘ॲनीलिंग’ म्हणतात. माझा पाचवा पेला त्या पेटीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हातात आला तेव्हा एका बाजूनं जाड, दुसरीकडून पातळ, आणि थोडा कलता होता. तो मी आज पंधरा वर्षं वापरते आहे.

दर वर्षी शरद ऋतूत एमआयटीच्या क्रेज्गी सभागृहासमोरच्या हिरवळीवर काचेच्या भोपळ्यांचा मळा मांडतात. २००१ सालापासूनची ही रीत. विद्यार्थी आणि शिक्षकांनी फुंकून केलेले शेकडो भोपळे गवतावर ठेवलेले असतात, केशरी, हिरवे, निळे, दुधी, एकासारखा दुसरा नाही. विक्रीतून येणारा पैसा प्रयोगशाळेच्या कामी येतो. भोपळ्याच्या शिरा पाडायला काच एका खाचांच्या साच्यात दाबून फुंकतात, आणि देठासाठी वरून गरम काचेचा एक धागा ओढून त्याला पीळ देतात. तो देठाचा पीळ द्यायला तीन-चार सेकंद मिळतात. त्या मळ्यात उभी असताना एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, ‘तुम्ही भारतातून आलात? मग तुमच्या देशातला काचेचा एक विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वी इथे होता, ठाऊक आहे?’ मला ठाऊक नव्हतं. नाव त्यांनाही आठवेना. ते मी ग्रंथालयात शोधलं.

ते नाव ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तर भारतातले. जपानात जाऊन काचेचं शिक्षण घेतलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमआयटीत शिकले. त्या वेळी संस्था चार्ल्स नदीच्या पलीकडे, बॉस्टन शहरात होती. केंब्रिजला ती १९१६ साली आली. म्हणजे मी ज्या व्हरांड्यातून जात होते तो त्यांनी पाहिलेला नाही. त्यांच्याही आधी, १८८२ साली, केशव मल्हार भट नावाचे पुण्याचे गृहस्थ तिथे दाखल झाले होते. एमआयटीत शिकणारे ते पहिले भारतीय. हे वाचून मला आनंद झाला. पण वार्ष्णेय परत येऊन कुठे गेले ते वाचलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ते तळेगावला आले होते. पुण्याहून लोकलनं तासाभरावर असलेल्या तळेगाव दाभाड्याला, पैसा फंडाच्या काच कारखान्यात.

माझं बालपण कऱ्हाडला गेलं, कॉलेज पुण्यात. तळेगाव स्टेशनवरून किती वेळा गेले असेन. पैसा फंड हे नाव शाळेच्या इतिहासात एका ओळीत येऊन गेलं होतं, तेवढंच.

त्या ओळीमागची गोष्ट अशी. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक कल्पना काढली. देशात उद्योग उभे करायचे तर भांडवल हवं आणि ते सरकार देणार नाही, सावकारही देणार नाही. मग प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यावा. एकच. तो सगळ्यात गरिबालाही जड नाही. काळे गावोगाव फिरले, लोकमान्य टिळकांनी कल्पना उचलून धरली, स्वदेशीच्या चळवळीत तिला बळ मिळालं, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. नुसता कारखाना नव्हे. तिथे मुलांना काचकाम शिकवायचं, हा मूळ हेतू होता. शिकून बाहेर पडलेल्यांनी आपापल्या भागात भट्ट्या लावाव्यात. आणि शिकवायला जपान-अमेरिकेत शिकून आलेले वार्ष्णेय.

काचच का, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर त्या काळातल्या कुठल्याही घरात मिळतं. दिव्याची चिमणी, औषधाची बाटली, शाईची दौत, हातातल्या बांगड्या. यातलं बरंचसं परदेशातून, ऑस्ट्रिया-बोहेमियातून, जपानातून येत होतं. वाळू इथली, भट्टीत घालायचा माणूस इथला, आणि कंदिलाची काच फुटली की नवी बोटीनं यायची. स्वदेशीची शपथ घेतलेल्या माणसाला रात्री वाचायला बसताना हे रोज डोळ्यांसमोर जळताना दिसत होतं.

आता या गोष्टीशेजारी दुसरी एक ठेवते, कारण त्याशिवाय तळेगावचं मोल ध्यानात येत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या मुलाला काच फुंकायला मिळणं ही फार जुनी गोष्ट नाही. १९६२ पर्यंत तिथे काच फुंकली जायची ती कारखान्यांत. कलावंत कागदावर आकृती काढायचा, भट्टीवरचे कामगार ती बनवायचे. दोघांची विद्या वेगळी, भाषा वेगळी. ही भिंत पाडली हार्वे लिटलटन यांनी. ते विस्कॉन्सिन विद्यापीठात मातीकाम शिकवत, पण जन्म कॉर्निंग या काचेच्या गावचा. वडील जेसी लिटलटन कॉर्निंगच्या कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ. १९१३ साली त्यांच्या पत्नीनं, बेसी यांनी, बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजला, काच तडकली नाही, आणि तिथून पायरेक्सच्या भांड्यांची वाट निघाली. अशा घरातला मुलगा. इटलीत मुरानोला जाऊन त्यानं छोट्या भट्ट्या पाहिल्या आणि मनाशी धरलं की एक माणूस आपल्या कामशाळेत, स्वतःच्या हातानं काच फुंकू शकतो.

मार्च १९६२ मध्ये ओहायो राज्यातल्या टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी कार्यशाळा घेतली. पहिली काच नीट वितळलीच नाही. डॉमिनिक लॅबिनो नावाचे संशोधक मदतीला आले, त्यांनी भट्टीची रचना बदलली आणि काचतंतू बनवायला लागणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या. काच हाताला आली. पण फुंकायची कशी ते जमलेल्या शिक्षक-कलावंतांपैकी कुणाला धड येत नव्हतं. तेव्हा हार्वे लीफग्रीन नावाचे लिबी कारखान्यातले निवृत्त कारागीर तिथे आले. त्यांनी नळी हातात घेतली आणि करून दाखवलं. विद्यापीठांतल्या काचवर्गांचा उगम शोधायचा तर मी त्या क्षणाकडे बोट दाखवेन. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात काचेचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. लिटलटन यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी भट्ट्या पेटवत गेले. आज जगभर नाव असलेले डेल चिहुली त्यांच्यापैकीच.

टोलेडो १९६२. तळेगाव १९०८. हेतू वेगळे होते, हे मला मान्य आहे. टोलेडोला माणूस आपली कलाकृती आपल्या हातानं करू पाहत होता. तळेगावला देशाची गरज भागवायची होती, मुलाच्या हाताला रोजगार द्यायचा होता. पण शिकलेल्या मुलानं भट्टीपुढे उभं राहावं, पुस्तक आणि फुंकणी एकाच माणसाच्या हातात असावी, हा विचार आपल्याकडे चौपन्न वर्षं आधी, रयतेच्या एकेका पैशावर प्रत्यक्षात आला होता. मला याचा फार अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

वार्ष्णेय पुढे उत्तरेकडे गेले आणि बहजोईला काच कारखाना उभारण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. आमच्या कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगले बंधूंनी, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यानं, ओगलेवाडीचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. वीज येईपर्यंत कित्येकांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला असेल. आमच्याही माळ्यावर एक आहे. त्याची काच मी हल्ली खाली काढून उन्हात धरून पाहिली. आत, तोंडाजवळ, एक लांबट बारीक बुडबुडा आहे. काच वितळताना राहून गेलेला. ओगलेवाडीचा तो कारखाना आता नाही.

मग ही विद्या महाराष्ट्रात आज कुठे आहे? माझ्यापुरतं उत्तर मला पुण्यातल्या एका जुन्या महाविद्यालयात, रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या जिन्याखाली सापडलं. दारावर ‘ग्लास ब्लोइंग’ अशी रंग उडालेली पाटी. आत एक काका, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, टेबलावरच्या ज्योतीपुढे बसलेले. ही भट्टीची काच नव्हे, ही बोरोसिलिकेटची नळी, पायरेक्सच्या घराण्यातली. तापल्यावर ती साध्या काचेच्या एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून प्रयोगशाळेत आचेवर चालते. पण तिला वळवायला आचही तेवढीच मोठी लागते, गॅसच्या ज्योतीत ऑक्सिजन सोडावा लागतो. डोळ्यांवर जांभळट चष्मा. काचेतल्या सोडियममुळे ज्योत भगभगीत पिवळी होते आणि काम दिसेनासं होतं. तो पिवळा उजेड चष्म्याची काच शोषून घेते. मी चष्मा लावून पाहिला तर ज्योत जवळजवळ नाहीशी झाली आणि आतली मऊ होत चाललेली नळी स्वच्छ दिसली.

काका एक कंडेन्सर दुरुस्त करत होते. बाहेरची नळी, तिच्या आत दुसरी नळी, दोन्ही एका कड्यापाशी जोडलेल्या. तो जोड तडकला होता. दोन्ही हातांनी दोन्ही टोकं सारखी फिरवत त्यांनी तडा ज्योतीत धरला. तोंडात रबरी नळीचं टोक, तिच्यातून अधूनमधून फुंकर. तडा वितळून मिटला, थोडा आत बसला, फुंकरीनं पुन्हा वर आला. काम झाल्यावर त्यांनी तो भाग दोन ध्रुवीकारक काचांच्या मध्ये धरून दाखवला. जिथे काचेत ताण राहिला होता तिथे रंगीत पट्टे चमकत होते. ‘हे पट्टे जाईपर्यंत ओव्हनमध्ये,’ ते म्हणाले. माझा एमआयटीतला पाचवा पेला मला आठवला.

मी विचारलं, ‘काका, मुलं येतात का शिकायला?’

‘मुलं येतात ती फुटलेलं घेऊन,’ ते म्हणाले. ‘दारातूनच देतात. उद्या मिळेल का विचारतात. मी म्हणतो बसा दहा मिनिटं, बघा. तर लेक्चर असतं त्यांना. त्यांचंही बरोबर आहे मॅडम, यावर मार्क नाहीत.’

‘आणि तुम्ही गेल्यावर?’

‘नवीन ऑर्डर करतील. जागा भरणार नाहीत असं ऐकतोय.’

मग त्यांनी मला बसायला लावलं. हातभर नळी दिली, मधोमध तापवून ओढायला सांगितली. एकसारखी फिरवता येते का बघत होते. मनगटांना आठवत होतं. नळी मऊ झाली, मी ज्योतीबाहेर काढून दोन्ही हात लांबवले आणि मध्ये केसासारखा काचेचा धागा राहिला. ‘कुठे शिकलात?’ त्यांनी विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, ‘तिकडे मुलांना चिठ्ठी टाकावी लागते?’ आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ज्यांच्या हाती महाविद्यालयं आहेत त्यांच्याशी मला बोलायचं आहे. मोठ्या भट्टीला खर्च येतो, ती रात्रंदिवस जळते, ते मी जाणते. मी भट्टी मागत नाही. तुमच्या रसायन विभागाशेजारी अशी एखादी खोली असेल, तिच्यात ज्योत असेल आणि ती पेटवणारा माणूस अजून नोकरीत असेल, तर येत्या सत्रात दहा मुलांना आठवड्यातून दोन तास त्याच्यासमोर बसवा. गुण देऊ नका, परीक्षा घेऊ नका. त्यांना नळी फिरवू द्या, ओढू द्या, टी आकाराचा जोड करू द्या, फोडू द्या. दहा जणांसाठी पन्नास नावं आली तर चिठ्ठ्या टाका. आणि ते काका निवृत्त होण्याआधी हे करा. पुण्यातले काका येत्या मे महिन्यात घरी जातात.